कटकट करणारी डिस्क

घरचा कॉम्प्युटर आठवडाभर कटकट आवाज करत होता, मी आपलं फॅन असेल म्हणून सोडून दिलं आणि परवा विंडोज सुरूच होईना. मग पेनड्राइव्हवरून उबंटू (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवलं, आतली डिस्क दिसली एकदाची! लगेच एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावून आधी फक्त फोटो आणि कागदपत्रं ओढली, कारण मरायला टेकलेली डिस्क जितकी कमी फिरवाल तितकं बरं, चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं टूल) तर कॉपी होईपर्यंत चुकूनही चालवू नका. दोन फोल्डर मात्र अडकले (अर्थात लग्नाचेच फोटो, बायकोला अजून सांगितलं नाहीये). आता डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारं सॉफ्टवेअर) लावलंय, ते आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं, खराब सेक्टरकडे नंतर वळतं. एक्स्टर्नल २ टीबीची आहे म्हणून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, मावतेय. सध्या ६१ टक्के झालंय.