आमची वाटचाल: भांड्यांवरच्या नावांपासून पूर्वजांच्या चेहऱ्यांपर्यंत

आमचे वडील जळगावच्या सराफ बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून भांड्यांवर नावं घालायचे. त्यांचीच कोरायची पोलादी कलमं घेऊन १९९४ साली मी तांब्याच्या पत्र्यावर चेहरे कोरायला लागलो.

काम जुन्या तैलचित्रांचं: चित्र बघून तांब्याच्या पत्र्यावर ठसा कोरायचा आणि त्याला शाई लावून प्रेसवर कागदावर छापे काढायचे. वाड्यात आजोबा-पणजोबांचं रंगवलेलं चित्र एकच असतं आणि वाटण्या होतात तीन. शेत मोजून वाटता येतं, चित्र कसं वाटणार? अमळनेरच्या एका आजींकडे हाच पेच होता. सासऱ्यांचं चित्र गोधडीत गुंडाळून त्या एसटीनं आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तिन्ही घरमा सारखं दिसाले पाहिजे." तिथून हा धंदा खरा सुरू झाला.

चित्रकाराकडे रंग असतात, आमच्याकडे फक्त रेघ. गालावरची सावली किती रेघांत बसवायची, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी कुठे टाकायची, हे कलम टेकवण्याआधी ठरलेलं हवं. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवतो. वळण आलं की हात वळवत नाही, पत्रा फिरवतो. कलम खोल गेलं की रेघ जाड होते. कडेला उठलेली बर, म्हणजे तांब्याची खरखरीत कड, स्क्रेपरनं खरवडून काढली नाही तर ती शाई धरते आणि छापा घाण होतो. शिवाय सगळं उलटं कोरायचं. सरळ कोरलं तर छाप्यात बाईची नथ उजव्या नाकपुडीत जाते.

२०१८ मध्ये आमच्याकडे चार वर्षं शिकलेल्या मुलानं दोन गल्ल्या सोडून लेझर मशीन टाकलं. मशीन टाकलं याचं मला काही नाही. पण यावल तालुक्यातल्या एका मोठ्या कुटुंबानं एकवीस घरांसाठी पणजोबांचं चित्र सांगितलं होतं. मूळ चित्रावरून ठसा करायला मला सहा आठवडे लागले. कागद उधारीवर आणला होता. त्यांनी पहिला छापा नमुना म्हणून नेला आणि उरलेले वीस घेतलेच नाहीत. त्या मुलानं माझा छापा स्कॅन करून पितळी पाट्यांवर उतरवला आणि "हाताचं काम" म्हणून पाव भावात दिला. कोरताना पणजोबांच्या कानाखाली माझं कलम केसभर घसरलं होतं. ती रेघ मूळ चित्रात नाही, पण वीसही पाट्यांवर आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना भिंग देऊन दाखवली. ते म्हणाले, "दिसतं तर सारखंच."

त्या वर्षी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. भंगारवाला प्रेसचे रूळ हातानं वाजवून पाहून गेला. ते वाजवणं मी विसरलेलो नाही.

तेव्हा आजी परत आल्या. कुणीतरी त्यांना तसली पाटी भेट दिली होती. ती आणि आमचा तांब्याचा ठसा शेजारी ठेवून त्यांनी दोन्हींच्या डोळ्यांवरून नख फिरवलं. पाटीवर नख सरकत गेलं, ठशावर अडकलं. त्या काही बोलल्या नाहीत, माहेरच्या दोन चित्रांची बोली करून गेल्या. मग पारोळ्याहून, धरणगावहून माणसं येऊ लागली. पाटल्या सुटल्या, पुढची वर्षं ठीक गेली.

ज्यांच्या घरी तैलचित्र आहे त्यांना सांगतो: ओल्या फडक्यानं पुसू नका, खोबरेल लावू नका, समईच्या धुराजवळ टांगू नका. तांब्याचा ठसा चिंच-मिठानं घासू नका, रेघा उथळ होतात. आणि कारागिरांनो, नमुन्याचा छापा आगाऊ रकमेशिवाय हातातून सोडू नका.

गेल्या दिवाळीनंतर आजींचा नातू आजींचंच चित्र घेऊन आला. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, डाव्या नाकपुडीत नथ. पत्र्यावर ती मी उजवीकडे कोरली आहे. डोळे अजून व्हायचेत.