अकरा फुल्या

मालिकेतला एक माणूस मी कापडावर फुल्यांच्या टाक्यांनी भरत होते. काळा दोरा संपला तेव्हा त्याच्या डाव्या भुवईच्या अकरा फुल्या राहिल्या होत्या. उजवी भुवई पुरी झालेली, डावीच्या जागी मॅटीची, म्हणजे भरायच्या चौकटीदार कापडाची, नुसती पांढरी भोकं. त्यामुळे एरवी कशानंही न हलणारा हा माणूस एका बाजूनं कडक आणि दुसऱ्या बाजूनं भलताच भांबावलेला दिसायला लागला. दुपारचे तीन वाजलेले, सुई हातात, आणि डब्यात काळा सोडून सगळं. जांभळ्याच्या तर चार छटा. त्या मी कशासाठी आणल्या होत्या, देव जाणे.

३१० हा आकडा फुल्या भरणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. डीएमसी या कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्यांत काळ्याचा तो नंबर. लडी आठ मीटरची, दोरा सहा पदरी, इंचाला चौदा चौकटींच्या कापडावर त्यातले दोन पदर घ्यायचे, म्हणजे एका लडीतून चोवीस मीटर निघायला हवा. हिशेब चोख आहे. तरी दर वेळी काळाच आधी संपतो. कारण नवीन काही काढायचं म्हणून यादी करायला बसलं की बाकीचे रंग नंबर बघून बघून लिहिले जातात, आणि काळ्याशी आलं की आपण म्हणतो, तो काय, असेलच.

हा माणूस कोण ते मी सांगणार नाहीये. नाव घेतलं की दोनच गोष्टी होतात. समोरचा एक तर "अजून बघतेस ते?" म्हणतो, नाहीतर खुर्ची पुढे ओढून तिसऱ्या पर्वात त्याला मारायला नको होता यावर सुरू होतो. दुसऱ्या जातीची माणसं मला फार आवडतात, पण त्यांच्यापुढे माझी मोजणी चुकते. एवढंच सांगते की तो नायक नाही. नायकाचे तयार नमुने ढिगानं मिळतात. उभा नायक, पाठमोरा नायक, नायकाच्या तोंडचं ते एक वाक्य आणि भोवती वेल. माझा माणूस म्हणजे नायक बाहेर पडला की मागे दार लावून घेणारा. दर भागात कुठेतरी छत्री विसरतो आणि ती घ्यायला परत येतो. तो गेला त्या भागात छत्री दाराशी तशीच उभी होती, आणि कॅमेरा तिच्यावर जरासुद्धा थांबला नाही. ज्यांना दिसली त्यांना दिसली. त्याचा नमुना कुणीच काढला नव्हता. मग काय करणार, मीच बसले.

आधी आळस केला. फोटोवरून नमुना काढून देणारी सॉफ्टवेअरं असतात, त्यातल्या एकाला त्याचा फोटो दिला. क्षणात आलेख हजर. दोनशे गुणिले दोनशे, म्हणजे चाळीस हजार फुल्या, आणि रंग त्र्याऐंशी. एकट्या गालात एकवीस. त्यात निळा होता, शेवाळी होता. इथे एक फुली, तिथे एक फुली. एका रंगाच्या दोन चौकटी शेजारी शेजारी म्हणून सापडेनात. भरणाऱ्यांच्या भाषेत ह्याला कॉन्फेटी म्हणतात. नाव गोड आहे, पण त्यातल्या प्रत्येक कणासाठी सुईत नवा दोरा ओवायचा असतो. माझा वेग तासाला शंभर फुल्या, तोही एका रंगाचा सलग पट्टा असेल तर. चारशे तास! मालिकेचे सगळे भाग मिळून तेवढे होत नाहीत. (त्या जांभळ्या चार छटा तेव्हाच्याच, आत्ता आठवलं. हनुवटीखालच्या सावलीसाठी.)

ते सगळं मिटलं आणि चौकटींची वही काढली.

चौकटींची वही गणितासाठी असते असं शाळेत सांगायचे. आमची मागच्या पानापासून भरायची, फुली-गोळ्यांनी. मी नऊ-दहा वर्षांची असताना मावशी दुपारी भरायला बसायची. तिच्याकडे नमुन्यांचं एक जुनं पुस्तक होतं, कोपरे मऊ पडलेलं. त्यात रंग नव्हतेच, खुणा होत्या. ठिपका म्हणजे पोपटी, त्रिकोण म्हणजे गुलाबी, अर्धी काळी चौकट म्हणजे गर्द हिरवा. मला ती कसलीशी गुप्त लिपी वाटायची आणि मावशी ती न अडखळता वाचते याचा दरारा वाटायचा. त्याच सुट्टीत मी व्हिडिओ गेमच्या नादी लागले होते. पडद्यावरची माणसं चौकटीचौकटींची आहेत हे मला मावशीच्या पुस्तकामुळे दिसलं, त्याआधी ती मला नुसती ओबडधोबड वाटायची. मी वहीत लाल टोपीवाला मारिओ रंगवला आणि ती भरत होती त्या फुलांच्या परडीवर आणून ठेवला.

"मावशी, फुलांऐवजी हा भर ना."

तिनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि सुईच्या टोकानं चौकटी मोजल्या. "सोळा उंच. अगं, माझ्या परडीचं एक पान आहे एवढं." मग जरा वेळ बघून, "तोंड कुठंय याला?"

"मिशीखाली."

"मिशी काढलीस म्हणून तोंड काढावं लागलं नाही होय? हुशार आहेस."

हुशार मी नव्हते, १९८१ साली तो खेळ करणारे होते. मोजून एवढ्याशा चौकटी हातात. त्यात तोंड काढलं तर कळणार नाही, म्हणून मोठं नाक आणि मिशी. उडी मारली की केस हलायला पाहिजेत, ते जमेना, म्हणून टोपी. पुढे जगभर लोकांनी त्या मिशीवर जीव टाकला. पण हे मला फार उशिरा कळलं आणि मावशीची शाबासकी मी तोवर बिनदिक्कत वापरली.

तिनं मारिओ भरला नाही, मलाच भरायला बसवलं. "खालचा टाका असा, वरचा तसा. वरचा सगळ्यांचा एकाच अंगाला झुकला पाहिजे." मी मान डोलावली आणि निम्म्या फुल्या उलट्या घातल्या. सरळ बघितलं तर काही कळत नव्हतं, पण उजेड तिरका पडला की टोपीचा एक भाग चकाकायचा आणि एक विझायचा. मावशीनं कापड एकदा खिडकीकडे धरलं. "उसव."

उसवण्याला इंग्रजीत बेडकावरून नाव आहे. 'रिप इट, रिप इट' हे त्यांच्या बेडकाच्या ओरडण्यासारखं ऐकू येतं म्हणून. आपला बेडूक डरांव डरांव करतो, त्यातून काही सल्ला मिळत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक नावाच्या बाईनं भरलेलं १५९८ सालचं कापड आहे, साल भरलेल्या ब्रिटिश नमुन्यांत सगळ्यात जुनं. त्यातलीसुद्धा काही चित्रं उसवलेली आहेत आणि त्यांच्या खुणा अजून दिसतात. मला त्याचा फार आधार वाटतो. चारशे वर्षं झाली, बाई संग्रहालयात जाऊन बसल्या, पण तिथे काहीतरी चुकलं होतं हे लपलं नाही ते नाहीच.

मावशीला मी मोठेपणी एकदा सुझन केअर यांची गोष्ट सांगितली. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाची चित्रं त्यांनी केली. हसरा संगणक, घड्याळ, बॉम्ब. त्याआधी त्यांचा हात मोझेकवर आणि सुईकामावर बसलेला होता. बत्तीस गुणिले बत्तीस, एक हजार चोवीस चौकटी, प्रत्येक काळी नाहीतर पांढरी, आणि सुरुवात चौकटींच्या वहीत. मला वाटलं मावशी थक्क होईल. "म्हणजे भरतकामच की," ती म्हणाली आणि पुढची फुली घातली.

तर माझा माणूस. सत्तर चौकटी रुंद धरला. चौदाच्या कापडावर इंचाला चौदा, म्हणजे पाच इंच. चारी बाजूंनी तीन तीन इंच सोडायचे, हे मी एकदा विसरले होते आणि ते काम अजून फ्रेममध्ये बसलेलं नाही, कपाटात आहे. चेहऱ्याला किती चौकटी द्यायच्या याचं गणित मांडायला घेतलं आणि लक्षात यायला लागलं की मी याला दहा वर्षं बघतेय पण त्याचं नाक कसं आहे हे मला माहीत नाही. पुन्हा भाग लावून बघितले. नाक साधंच निघालं, काढून टाकलं. ओठ दोन फुल्यांचे केले तर तो रागावलेला दिसे, तीनचे केले तर हिशेबनीस. ओठही काढले. कोटाला दोन तपकिरी, एक उजेडाचा, एक बगलेतला. बाह्यरेघ मारायचीच नाही असं पहिल्या दिवशी ठरवलं होतं. फुल्यांत माणूस उमटला नाही म्हणून भोवती काळी रेघ ओढून त्याला कोंडायचं, हे मला पटत नाही. अनेकांना चालतं. चालू दे.

नऊ रंगांवर आला आणि एका मैत्रिणीला वही दाखवली. तिनंही मालिका पाठ केलेली.

"कोण हा? पोस्टमन?"

मी काही बोलले नाही. पानाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, त्याच्यापासून लांब, एक काळी तिरकी रेघ काढली आणि तिला तीन चौकटींची वाकडी मूठ. मैत्रीण पेन्सिल बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अगं ए." बाकी काही बोलली नाही. चेहऱ्यावर मी आठवडा घातला होता आणि काम केलं त्या तीन चौकटींनी.

आता किनारीचं सांगायला हवं, कारण तिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. दुसऱ्या महायुद्धात अलेक्सिस कॅसडॅगली नावाचे ब्रिटिश मेजर जर्मनांच्या कैदेत होते. एका जुन्या स्वेटरचा दोरा उसवून त्यांनी १९४१ च्या डिसेंबरात एक कापड भरलं. मध्ये नाव, साल, सगळं सज्जन. किनारीला मात्र टिंबं आणि रेघा. पहारेकऱ्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते छावणीत टांगून ठेवलं. किनारीत मोर्स लिपी होती, एका ओळीत राजाला देवानं सुखी ठेवावं अशी प्रार्थना आणि दुसऱ्या ओळीत हिटलरला जी शिवी होती ती मराठीत छापताना फुल्याच घालाव्या लागतात. फुल्या फुल्या फुल्या. शिवीच्या जागी फुल्या घालण्याची आपली रीत, आणि ह्या गृहस्थांनी टाक्याटाक्यानं शिवी भरली. मी हे वाचलं त्या दिवशी एकटीच बराच वेळ हसत होते.

मग माझ्या माणसाच्या किनारीत मोर्स आलीच. टिंबाला एक फुली, रेघेला तीन, मधे एक मोकळी चौकट, अक्षर संपलं की तीन मोकळ्या. दार लावताना तो जे नेहमी पुटपुटतो ते वाक्य. चारी कोपरे जुळून यायला मला वाक्यातला एक शब्द दोनदा घालावा लागला. आणि तरी खालच्या बाजूला एका ठिकाणी 'एस'चं शेवटचं टिंब रेघ होऊन बसलंय, म्हणजे 'एस'चा 'यू' झालाय. कळलं तेव्हा बाकीच्या बाजू भरून झाल्या होत्या. हे उसवलं नाही. भिंतीवरचं भरतकाम मोर्समध्ये वाचत उभं राहणारं कुणी भेटलं तर त्याच्याशी मी आनंदानं वाद घालीन. उलटी बाजू मात्र कुणाला दाखवणार नाही. काही लोक दुसऱ्याचं काम हातात घेतल्याबरोबर उलटून बघतात. त्यांच्यापायी मी मागून पुठ्ठा चिकटवते.

तर त्या दुपारी दोरा संपला आणि तो तसाच, एका भुवईचा, टेबलावर रिंगमध्ये पडून राहिला. येताजाता दिसायचा. दिवा लावला की दिसायचा.

दोरा दोन दिवसांनी आला. ह्या वेळी दोन लड्या. अकरा फुल्या भरायला दहा मिनिटं लागली नाहीत. दोरा मागे टाक्यांखालून ओवून कापला, रिंग हातभर लांब धरली. भुवई चोख, नमुन्याबरहुकूम, वरचा टाका सगळीकडे एकाच अंगाला. आणि हे कोण करडे गृहस्थ? दोन दिवस तो माझ्याकडे बघत होता तसा आता बघेना. एकाएकी छत्री कुठे राहिली ते आठवल्यासारखा जो एक डोळा उघडा पडला होता तो पार मिटला.

बारीक कात्री घेतली. बाहेरच्या टोकाकडून एक, दोन, तीन, चार. बाकीचा दोरा पुन्हा मागे ओवून घेतला.

आता त्याची डावी भुवई सात फुल्यांची आहे. मालिकेत तशी नाही.