गोऱ्यांची झेडपी आपलं ऐकते का?

साताऱ्याला गेले की कोणी ना कोणी विचारतंच. "तू म्हणे तिकडे कौन्सिलवर आहेस. मग ती गोऱ्यांची झेडपी आपल्या लोकांचं ऐकते का गं?" इकडे नव्याने आलेली मुलं हेच जरा वेगळं विचारतात, "काकू, तक्रार नेमकी कुठे करायची?" उभ्या उभ्या सांगून होणारी गोष्ट नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी खुलासा. मी निवडून आलेली नाही. लंडनपासून ट्रेनने पाऊण तासावरच्या एका काउंटीत राहते आणि तिथल्या कौन्सिलच्या एका सल्लागार समितीवर सात वर्षं बिनपगारी बसते. पार्किंगचे पैसेसुद्धा माझेच.

माझे वडील एकतीस वर्षं पंचायत समितीत कारकून होते, त्यामुळे त्यांना इथली रचना समजावणं सोपं जाईल असं वाटलं होतं. म्हटलं, आबा, काउंटी कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषद, डिस्ट्रिक्ट म्हणजे पंचायत समिती, पॅरिश कौन्सिल म्हणजे ग्रामपंचायत. आबा म्हणाले, "मग आमचंच की!" पण पहिल्याच फाट्यावर गाडी अडली. डिस्ट्रिक्ट काउंटीच्या हाताखाली नसतं. दोघांचे अधिकार कायद्याने वेगवेगळे आणि दोघांचा मान सारखा. शाळा, रस्ते, लायब्ररी, म्हाताऱ्यांची देखभाल काउंटीकडे. घरबांधणीच्या परवानग्या डिस्ट्रिक्टकडे. कचऱ्याचा डबा उचलतं डिस्ट्रिक्ट, पण उचललेल्या कचऱ्याची विल्हेवाट लावते काउंटी. पॅरिशकडे खेळाचं मैदान, दफनभूमी, बसथांब्याचं छप्पर असल्या गोष्टी. घरपट्टीचं बिल डिस्ट्रिक्ट पाठवतं आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा काउंटी घेते, त्यामुळे शिव्या चुकीच्या माणसाला बसतात. कलेक्टर नाही, वरून आलेला आयएएस सीईओ नाही. मुख्य अधिकारी कौन्सिल स्वतःच नेमतं. "मग भांडण लागलं तर मिटवतो कोण?" आबांनी विचारलं. मी म्हटलं, बहुतेक वेळा कोणीच नाही. पत्रं लिहितात.

दुसरा फाटा आरक्षणाचा. आपल्याकडे झेडपीच्या निम्म्या जागा बायकांच्या, शिवाय अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव गट. इथे एकही जागा राखीव नाही, ना बायकांसाठी, ना अल्पसंख्याकांसाठी. उलट एक गोष्ट आपल्या लोकांना सांगूनही पटत नाही: भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून, साध्या वर्क व्हिसावरही, अगदी पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा. कायम वास्तव्याची परवानगी मिळाली की कौन्सिलला उभंही राहता येतं. दहा-दहा वर्षं राहिलेली माणसं मतदारयादीत नाव घालत नाहीत आणि मग मला विचारतात, आपलं ऐकतात का!

राखीव जागा नाही, मग काय आहे? एक कायद्याचं कलम आहे. २०१० च्या इक्वॉलिटी ॲक्टचं १४९ वं. कोणताही निर्णय घेताना वंश, धर्म, अपंगत्व वगैरेंमुळे कोणावर काय परिणाम होईल याकडे कौन्सिलने 'यथोचित लक्ष' द्यायचं. लक्ष द्यायचं, इतकंच. मान्य करायचं असं कुठे म्हटलेलं नाही. त्यामुळे प्रत्येक ठरावामागे एक तक्ता जोडलेला असतो आणि त्यातल्या बहुतेक चौकटींत लिहिलेलं असतं: परिणाम संभवत नाही. हे तक्ते मी पुष्कळ वाचलेत. मसुदा होण्याआधी भरलेला तक्ता आणि नंतर भरलेला तक्ता वाचताक्षणी वेगळा ओळखू येतो.

आमच्या गणपतीची मिरवणूक घ्या. व्हिलेज हॉलपासून मैदानापर्यंत, फार तर चारशे मीटर. रस्ता काउंटीचा. तो तासभर बंद करायचा तर आदेश काढणार डिस्ट्रिक्ट, तोही १८४७ च्या टाउन पोलीस क्लॉजेस ॲक्टखाली. म्हणजे राणीच्या राज्यात बग्ग्यांच्या काळी केलेल्या कायद्याने आमचा गणपती रस्ता ओलांडतो. मैदान पॅरिशचं. तिघांकडे तीन अर्ज, पब्लिक लायबिलिटीचा विमा, पिवळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक. पहिल्या वर्षी दोन अर्ज पास झाले आणि तिसरा आवाजावर अडला. पॅरिशची क्लार्क म्हणजे आठवड्यातून बारा तास काम करणारी एक बाई. तिने फोन केला: ताशा म्हणजे किती मोठ्याने? फोनवर काय सांगणार कपाळ! म्हटलं, या. ती आली. आमच्या गॅरेजात दोन पोरांनी तिला ताशा वाजवून दाखवला. ती कानावर हात ठेवून पूर्ण वेळ उभी राहिली, मग फॉर्मवर 'ढोल (लहान, तीक्ष्ण)' असं काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, साडेचारपर्यंत. ती अट आजही आहे. चार अठ्ठावीसला आरती सुरू होते.

आता माझी समिती. तिला सगळे सॅक्रे म्हणतात. शाळांमधल्या धर्मशिक्षणावर सल्ला देणारी स्थायी समिती. १९८८ च्या शिक्षण कायद्यापासून प्रत्येक काउंटीला ती ठेवावीच लागते. तिच्यात चार गट. एकात फक्त चर्च ऑफ इंग्लंड. एकात शिक्षक, एकात कौन्सिलचे लोक. आणि उरलेले सगळे एकाच गटात: कॅथलिक, मेथॉडिस्ट, मुसलमान, ज्यू, शीख, बौद्ध आणि मी. माणसं कितीही असोत, प्रत्येक गटाला मत एकच. म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडला एक अख्खं मत आणि जगातल्या बाकी सगळ्या धर्मांना मिळून एक. हे गणित ऐकून आबा खो खो हसले होते. कोणताच धर्म न मानणाऱ्या ह्यूमॅनिस्टांना तर केंटमध्ये त्या गटातही घेत नव्हते. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं, असं नाकारणं बेकायदा आहे.

माझ्यापुढच्या पाटीवर माझं नाव नसतं, 'हिंदू' असं लिहिलेलं असतं. काउंटीतल्या गुजराती, तमिळ, पंजाबी, नेपाळी, बंगाली अशा सगळ्यांच्या वतीने मी. माझा खरा अधिकार किती, तर आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रसाद वाटण्याइतका. याची चुणूक दिवाळीने दाखवली. धार्मिक सणाच्या दिवशी मूल शाळेत आलं नाही तर ती गैरहजेरी कायद्याने चालते, पण त्यासाठी मुख्याध्यापकांना तारीख लागते. २०२४ मध्येही ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर असा घोळ होता, पण तेव्हा आमच्याकडे हाफ-टर्मची सुट्टी होती, निभावलं. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या पंचांगांत लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि भारतात इतरत्र बहुतेक ठिकाणी दिवाळी २० ला. दोन्ही शाळेचे दिवस. मी दोन्ही तारखा दिल्या. अधिकारी बाई म्हणाल्या, रकान्यात एकच मावते. मी अमावास्या आणि प्रदोषकाळ समजावायला लागले. शेजारच्या इमामांनी हळूच म्हटलं, "चंद्राचं आम्हाला विचारा." शेवटी अधिकारी बाईंनी रकाना रुंद केला. एवढंच झालं त्या सभेत. पण शेकडो शाळांना गेलेल्या तक्त्यात दोन तारखा होत्या आणि एकाही मराठी किंवा गुजराती आईला मुख्याध्यापकांपुढे उभं राहून आपलीच दिवाळी खरी असं सिद्ध करावं लागलं नाही.

ऐकतात का, याचं माझं उत्तर हे रकाना रुंद होण्यासारखं असतं. ऐकतात, नीट पायरीवर, शाई वाळायच्या आत गेलं तर. आणि तुमचा त्रास होणार नाही याची आधी खात्री पटलेली असेल तर.

ही खात्री फुकट मिळत नाही. हर्टफर्डशरमधलं लेचमोर हीथ हे टुमदार खेडं. तिथली एक हवेली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये इस्कॉनला घेऊन दिली, तीच भक्तिवेदान्त मॅनर. जन्माष्टमीला हजारोंनी माणसं यायला लागली आणि गावातल्या अरुंद गल्ल्या गाड्यांनी भरून गेल्या. गावकऱ्यांची अडचण खोटी नव्हती. डिस्ट्रिक्टच्या पातळीवरच्या कौन्सिलने लोकांना तिथे पूजेला येणं बंद करण्यासाठी नोटीस काढली, भांडण वर्षानुवर्षं चाललं, युरोपातल्या मानवी हक्क आयोगापर्यंत गेलं आणि तिथे १९९४ मध्ये मंदिर हरलं. लंडनच्या रस्त्यांवर हजारो हिंदू उतरले. अखेर १९९६ मध्ये केंद्र सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली, ती गावाला वळसा घालून जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या अटीवर. रस्ता झाला आणि भांडण संपलं. धर्म, वंश, हक्क असं सगळं बोलून झाल्यावर तोडगा निघाला तो डांबराचा.

तिथला मुख्य आक्षेप काय होता, हे लक्षात ठेवा: रहदारी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या डिस्ट्रिक्टच्या आराखड्यात ट्रॅव्हलर, म्हणजे इथल्या भटक्या कुटुंबांच्या कॅराव्हॅनसाठी (चाकांवरच्या घरांसाठी) एक छोटी जागा सुचवली गेली. ही जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर मंडळी कायद्याने वांशिक अल्पसंख्याकच. १९६८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी तळ पुरवणं हे काउंटी कौन्सिलांचं कर्तव्य केलं होतं. १९९४ मध्ये ते काढून घेतलं. तेव्हापासून जागा शोधायची डिस्ट्रिक्टने, जुने तळ पुष्कळ ठिकाणी चालवायचे काउंटीने, आणि विरोध करायचा गावाने. प्लॅनिंगच्या हरकतीत 'ते लोक नकोत' हे कारण चालत नाही. रहदारी, सांडपाणी, पूर ही चालतात. मग काय, ज्या रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही त्या रस्त्याच्या रहदारीची सगळ्यांना एकदम काळजी वाटायला लागली.

आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या जागेविरुद्धचा हरकतीचा अर्ज फिरला. खाली सह्या बघितल्या. मिरवणुकीत माझ्याबरोबर पिवळं जाकीट घालून उभे राहणारे चार जण त्यात होते. एकाला मी फोन केला. "ताई, घरांच्या किमती पडतील," तो म्हणाला, "आणि हे लोक म्हणजे..." पुढचं वाक्य मी लहानपणी ऐकलेलं होतं. आमच्या गावाबाहेर पारध्यांची पालं पडली की पारावर हेच बोललं जायचं. इंग्रजांनीच १८७१ मध्ये त्यांच्यासारख्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं आणि माणसांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. इथल्या रोमानी जिप्सींची मूळ बोली तर आपल्याच भाषांच्या कुळातली, पाण्याला ते 'पानी' म्हणतात. हे मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग." सही मात्र तशीच राहिली.

त्या जागेच्या सुनावणीला मी गेले होते. ट्रॅव्हलर कुटुंबांतली एक आजी बोलायला उठली. तीन मिनिटं मिळतात. तिने दोनच वापरली, नातवंडांची शाळा पाच वर्षांत किती वेळा बदलली ते मोजून सांगितलं आणि खाली बसली. जागा नामंजूर झाली. कारण: रस्त्याचं वळण.

साताऱ्याच्या काकांना हे मी सगळं सांगत नाही. त्यांना दिवाळीचं सांगते, ते खूश होतात.

आता तर हा सगळा डोलाराच मोडणार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने जाहीर केलं की काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दुहेरी रचना इंग्लंडमधून काढायची आणि सगळीकडे एकेकच कौन्सिल ठेवायचं. सरे काउंटीची पूर्व आणि पश्चिम अशी दोन कौन्सिलं एप्रिल २०२७ पासून होणार हे ठरलंय. इतरांसाठी २०२८ ची मुदत आहे. तक्रार कुठे करायची हा मुलांचा प्रश्न त्यातून खरंच सोपा होईल. रस्ता आणि रस्ता बंद करण्याचा आदेश एकाच टेबलावर येतील. पॅरिश राहणार, म्हणजे ताशाची क्लार्कही राहणार. फक्त आमच्या काउंटीचे तुकडे कसे पडतात यावर सॅक्रेचेही तुकडे पडतील, आणि त्याची चौकशी करणारं पत्र मागच्या आठवड्यात आलंय. हिंदू प्रतिनिधीने कोणत्या बाजूला बसायला आवडेल ते कळवावं. प्रस्तावातला नकाशा टेबलावर पसरून बघितला. आमचं घर पूर्वेला जातंय, देऊळ पश्चिमेला. उत्तराची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.