लोणंद ते तरडगाव, फलकांच्या सोबतीने

साताऱ्यात माझा फ्लेक्स छपाईचा छोटा व्यवसाय आहे आणि ज्येष्ठी पौर्णिमा उलटली की माझ्या संगणकावर दिवसभर विठोबाच असतो. सोनार, खतविक्रेते, पतसंस्था, खासगी शिकवण्या, प्लॉट पाडून विकणारे, सगळ्यांना एकच मजकूर हवा असतो: ‘पालखी सोहळ्याचे व सर्व वारकरी बांधवांचे हार्दिक स्वागत’, खाली ‘स्वागतोत्सुक’ आणि त्याखाली दुकानाचे नाव, पत्ता, सवलत. जागा अपुरी पडली की ग्राहक म्हणतो, “विठोबा खालून थोडा कापा.” खालून कापला म्हणजे विटेसकट पाय जातात आणि तिथे मोबाईल क्रमांक नीट बसतो. हे काम मी किती वेळा केले असेल, याची मोजदाद मी कधी ठेवली नाही.

यंदा मात्र एका नातेवाइकाच्या दिंडीबरोबर लोणंदहून चालायचे ठरवले आणि आदल्या संध्याकाळी एसटीने तिथे पोहोचलो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या आरफळचे, त्यामुळे या वारीवर आपला काही हक्क आहे असे सातारकराला उगीचच वाटत असते. नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी पाडेगावला जिल्ह्यात शिरते, आणि तिथून स्वागताच्या फलकांचीही रांग लागलेली असते. कांद्याच्या बाजाराचे गाव असलेल्या लोणंदात तर एकही विजेचा खांब मोकळा राहिलेला नव्हता.

दुकानात बसून फलक तयार करताना जे लक्षात आले नव्हते, ते चालताना पहिल्या तासाभरातच लक्षात आले. हे फलक वारकऱ्यांसाठी नसतात. वारकरी खाली बघून, पुढच्याच्या टाचा सांभाळत, टाळाच्या ठेक्यावर चालत असतो. त्याच्या पिशवीत एक धोतर, एक पांघरूण आणि औषधाच्या गोळ्या असतात, आणि लातूर-परभणीकडून आलेला हा माणूस फलटण रस्त्याला प्लॉट घेणार नसतो. फलक वाचतो तो पालखी बघायला रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला गावकरी. म्हणजे स्वागत ज्याच्या नावाने केलेले असते तो ते वाचत नाही, आणि जो वाचतो त्याचे स्वागत करायचे नसते, त्याला गिऱ्हाईक करायचे असते. वारकरी त्या जाहिरातीतला देखावा झालेला असतो.

चांदोबाचा लिंब येथे सोहळ्यातले पहिले उभे रिंगण होते. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या पट्टीतून दोन अश्व धावतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो आणि दुसरा, माउलींचा, मोकळा असतो. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी लोक वाकलेले असताना दोन तरुण गठ्ठाभर टोप्या घेऊन रांगेतून फिरत होते. टोपीच्या एका बाजूला ‘राम कृष्ण हरी’, दुसऱ्या बाजूला एका दुकानाचे नाव. माझ्या शेजारच्या वयस्क टाळकऱ्याने टोपी घेतली, दोन्ही बाजू शांतपणे वाचल्या, उलटी करून आतली कोरी बाजू बाहेर काढली आणि डोक्यावर ठेवली. मी विचारले, “माउली, असं का?” ते म्हणाले, “ऊन दोन्हीकडून तेवढंच लागतं.”

व्यापार आणि देव यांचा विटाळ मी मानत नाही. तुकोबा स्वतः वाण्याचा धंदा करणाऱ्या घरातले होते, आणि माझे आजोबा किराणा दुकानाची नवी वही ‘॥ श्री ॥’ लिहिल्याशिवाय सुरू करत नसत. परंतु ती ‘श्री’ वहीच्या आत असे. ती गिऱ्हाइकाला दिसत नसे. दिसायची ती आजोबांना, रोज, रक्कम मांडताना. आता तीच अक्षरे वहीतून निघून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आहेत, आणि एवढ्यानेच त्यांचे काम पार बदलले आहे. अर्थात याची सुरुवात फ्लेक्सने केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. अशी चित्रे कापडाच्या गठ्ठ्यांवर आणि साबणांच्या, औषधांच्या कॅलेंडरांवर यायलाही फार काळ लागला नाही. मी त्याच धंद्याचा शेवटचा, स्वस्तातला वारस आहे.

कायद्याने एका टोकाला थोडा बांध घातलेला आहे. ‘रामायण’ या शब्दावर उदबत्तीचे व्यापारचिन्ह म्हणून एकट्याचा हक्क सांगता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. पवित्र ग्रंथाचे नुसते नाव कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. पण मालकी न सांगता चार दिवस उसने घेण्याला काही अडकाठी नाही. फलक त्याच सोयीवर चालतात, आणि माझे विजेचे बिलही.

संध्याकाळी तरडगावला राहुट्या पडल्या. पावसाने जमीन ओली होती, म्हणून दिंडीच्या ट्रकमधून जुने फ्लेक्स काढून अंथरले गेले. वारीत अंथरायला याच्याइतके उपयोगी काही नाही, हे कबूल केले पाहिजे. एक घडी उलगडली आणि मी ओळखले. सोन्याची छटा दिलेली ती अक्षरे माझ्या हातची होती, सराफाच्या दुकानासाठी केलेली, दोन-तीन वर्षांपूर्वीची.

त्यावर पथारी टाकायला आलेल्या आजीबाई थबकल्या. देवावर झोपायचे कसे, म्हणून त्यांनी आधी नमस्कार करायचे ठरवले असावे. गुडघे टेकून त्या मुकुटापासून खाली हात फिरवत गेल्या, कमरेवरच्या हातांशी आल्या, आणखी खाली आल्या आणि थांबल्या.

“दादा, जरा बॅटरी धरा हो. पाय कुठं गेले ह्याचे?”

मी मोबाईलचा उजेड धरला. त्यांनी फ्लेक्सची दुमडलेली कड उलगडून पाहिली, मागची बाजूही पाहिली. मग जिथे पाय असायला हवे होते तिथे, दहा आकड्यांवर, त्यांनी डोके टेकवले.