लॉख नेयच्या काठी, शेणाच्या मागावर

उत्तर आयर्लंडला जाणारे सगळे जायंट्स कॉजवे बघतात, टायटॅनिकचं म्युझियम बघतात, फोटो टाकतात आणि परत येतात. आम्हीही ते सगळं केलंच म्हणा, पण त्यावर नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे, मी कशाला भर घालू. ही पोस्ट आहे एका सरोवराबद्दल, एका गोठ्याबद्दल आणि हो, शेणाबद्दल. नाक मुरडणाऱ्यांनी इथेच रजा घ्यावी.

लॉख नेय हे ब्रिटन आणि आयर्लंड दोन्ही बेटांवरचं सगळ्यात मोठं सरोवर, साधारण 390 चौरस किलोमीटर. दंतकथा अशी की फिन मॅककूल नावाच्या महाकाय माणसाने रागाच्या भरात जमिनीतून मातीचं ढेकूळ उपटून शत्रूवर भिरकावलं, ते नेम चुकून समुद्रात पडलं त्याचं आइल ऑफ मॅन झालं, आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात हे पाणी भरलं. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी अँट्रिमच्या बाजूने काठावर गेलो. लांबून बघितलं तर समुद्रच वाटतो, पलीकडचा काठ जेमतेम दिसतो, बदकं, हंस, सगळं छान छान. जवळ गेलो तर काठाच्या दगडांवर हिरवा थर, ऑइलपेंट सांडल्यासारखा, आणि शेजारी बोर्ड, की पाण्यात उतरू नका, कुत्र्यांना उतरू देऊ नका. वास तर विचारूच नका.

हे निळंहिरवं शेवाळ. 2023 च्या उन्हाळ्यात ते इतकं माजलं की जगभर बातम्या झाल्या, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यांतही आलंच. उत्तर आयर्लंडचं सुमारे 40 टक्के पिण्याचं पाणी याच सरोवरातून येतं म्हटल्यावर प्रकरण किती गंभीर ते कळतं. पाण्याचं तापमान वाढतंय, बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून नितळ केलं त्यामुळे ऊन खोलवर पोचतं, अशी बरीच कारणं आहेत, पण शेवाळाचं मुख्य खाणं म्हणजे फॉस्फरस. सहा मोठ्या नद्या आत येतात आणि बाहेर जायला एकच, लोअर बॅन, त्यामुळे आत आलेला फॉस्फरस तळाच्या गाळात बसतो आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा परत वर येत राहतो. सरकारी हिशोबाप्रमाणे या फॉस्फरसपैकी साधारण 62 टक्के शेतीतून येतो, 24 टक्के सांडपाण्याच्या प्लांटमधून आणि बाकी बराचसा घरोघरच्या सेप्टिक टँकमधून.

ही आकडेवारी मला माझ्या मैत्रिणीने दिली. ती इथे बरीच वर्षं आहे आणि तिच्याच ओळखीने आम्हाला कुक्सटाउनजवळच्या एका डेअरी फार्मवर जायला मिळालं. टूमचा पूल ओलांडून पश्चिमेला वळलं की रस्ता लहान लहान शेतांमधून जातो, प्रत्येक शेताला झुडपांचं कुंपण, आणि सगळीकडे फक्त गवत. आम्ही गेलो त्या दिवशी ट्रॅक्टर इतके की नवरा म्हणाला, इथे काय मोर्चा आहे का आज? मोर्चा नव्हता, घाई होती. 15 ऑक्टोबर ते 31 जानेवारी शेतात स्लरी, म्हणजे गोठ्यातलं पातळ शेण, टाकायला बंदी असते, कारण थंडीत गवत वाढत नाही आणि टाकलेलं सगळं पावसाबरोबर ओढ्यात जातं. म्हणून बंदीच्या आधी टाक्या रिकाम्या करायची धावपळ. टाकी पण ऐसपैस लागते, गाईगुरांच्या फार्मला किमान 22 आठवड्यांचा साठा मावला पाहिजे असा नियम आहे.

शेतकरीदादा साठीचे, गालावर लाली, बोलायला अतिशय मोकळे पण उच्चार असे की अर्धं मैत्रीण सांगायची तेव्हा कळायचं. गोठ्यात शंभराच्या वर होल्स्टिन गाई. खाली सिमेंटच्या फटीफटींची जमीन, शेण, मूत, धुण्याचं पाणी सगळं त्या फटींतून खालच्या टाकीत. हीच स्लरी. एक दुभती गाय दिवसाला पन्नासेक लिटर करते, आता गुणाकार तुम्हीच करा. गंमत म्हणजे तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणजे टँकरने वाहायचं ते बहुतेक पाणीच.

टाकीच्या जवळ मात्र दादांनी येऊ दिलं नाही. सकाळीच स्लरी ढवळली होती, आणि ढवळताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो जास्त असला की वासच कळेनासा होतो आणि माणूस दोनचार श्वासांत कोसळतो. ढवळायला सुरुवात केली की सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि कमीत कमी अर्धा तास आत फिरकायचं नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. आम्ही वाऱ्याच्या उलट बाजूला निमूटपणे उभे राहिलो.

मग बघितलं ते मशीन, ज्याच्यासाठी आलो होतो. सेपरेटर. लोखंडी चौथऱ्यावर उंच बसवलेला, पंपाने स्लरी वर येते, आत एक मोठा स्क्रू बारीक फटींच्या गोल जाळीत फिरतो, पुढच्या तोंडाला वजनं लावून दाब ठेवलेला. ज्युसरमध्ये गाजर घातलं की एकीकडून रस आणि एकीकडून चोथा, तसंच. चोथा खाली ढिगात पडत होता, तपकिरी, भुसभुशीत, हातात घेतला (हो घेतला) तर जवळजवळ कोरडा आणि वास फारसा नाही. रस पाईपातून दुसऱ्या टाकीत.

आता मला वाटलं होतं की झालं, चोथ्यात फॉस्फरस आला, सरोवर वाचलं. दादा हसले आणि म्हणाले, असं सगळ्या पाहुण्यांना वाटतं. हा स्क्रूवाला सेपरेटर फॉस्फरसच्या बाबतीत तसा कच्चाच. फॉस्फरस चिकटलेला असतो अगदी बारीक कणांना, आणि ते कण जाळीतून आरामात रसाबरोबर निघून जातात, चोथ्यात येतो साधारण पाव हिस्सा. जास्त काढायचा तर सेंट्रिफ्यूज, म्हणजे जोरात गरगर फिरवून चोथा वेगळा करणारं मशीन, लागतो, तो अर्ध्याहून बराच जास्त फॉस्फरस चोथ्यात आणतो, पण महाग आणि वीजही खातो, एका फार्मला परवडत नाही.

मग ही सगळी उठाठेव कशासाठी? नायट्रोजनसाठी. गवताला लगेच लागू पडणारा अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन पाण्यात विरघळलेला असतो, पोटॅशही तसंच, म्हणून दोन्ही बहुतांशी रसात राहतात. जाड स्लरी गवतावर लेप देऊन बसते आणि तिच्यातला अमोनिया हवेत उडून जातो. रस पातळ, पटकन मुळाशी मुरतो, पाइप तुंबत नाहीत, गवत कमी माखतं त्यामुळे गाई तिथे लवकर चरू शकतात. आम्ही शेतात गेलो तेव्हा ट्रॅक्टरमागे लांब आडवा दांडा आणि त्याला लोंबणाऱ्या रबरी नळ्या, गवत बाजूला सारून जमिनीलगत रस सोडत चालल्या होत्या. पूर्वीसारखा प्लेटवर आपटून कारंज्यासारखा उडवायचा प्रकार इथे नाही. आणि ओढ्यापासून अंतर सोडून, सरोवराच्या काठाला तर 20 मीटर. रसाचा नायट्रोजन नीट कामाला आला की विकतचा युरिया कमी लागतो, दादांचा खरा फायदा तो.

स्वयंपाकघरात चहा झाला आणि दादांनी टेबलवर नकाशा पसरला. 2022 मध्ये तिथे सगळ्या शेतांची माती तपासायची सरकारी योजना सुरू झाली, त्यातला त्यांच्या फार्मचा नकाशा. गोठ्याजवळची शेतं फॉस्फरसने ठासून भरलेली, लांबची दोनतीन शेतं चक्क उपाशी. कारण काय तर आजोबा, वडील, सगळ्यांनी टँकर जवळच्याच शेतात रिकामा केला, पावसात लांब कोण जाणार? मला तो नकाशा मशीनपेक्षाही आवडला. जवळच्या शेतात आता रसही मोजून, आणि चोथा अजिबात नाही.

पण अजून मागे गेलं तर फॉस्फरस येतो कुठून? गाईंच्या खुराकातून. सोया, मका परदेशातून जहाजाने येतात. दुधातून लिटरमागे जेमतेम एक ग्रॅम फॉस्फरस बाहेर जातो, थोडा जनावरं विकली की जातो, उरलेला फार्मवरच राहतो, मग सेपरेटर लावा नाहीतर आणखी काही. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न मशीनचा नाहीच, तो चोथ्याचा ढीग शेवटी कुठे जातो हा आहे. मागच्या शेतात पसरला तर नुसती जागा बदलली. लॉख नेयचं पाणलोट उत्तर आयर्लंडच्या जवळजवळ 40 टक्के भागावर आहे, त्यामुळे शेजाऱ्याला दिला तरी पाणी त्याच सरोवरात जाणार.

दादांचा चोथा जातो थेट कोम्बरकडे, पूर्व किनाऱ्याजवळ, तिथले बटाटे प्रसिद्ध आहेत. तिकडचं पाणी लॉख नेयला येत नाही आणि तिथल्या बटाटेवाल्याच्या जमिनीला सेंद्रिय माल हवाच असतो. पातळ स्लरी इतक्या लांब नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं, चोथा मात्र ट्रेलरमध्ये ढीग करून जातो. तरीही खर्च निघत नाही म्हणून दोघांनी युक्ती काढली, बटाटेवाला बार्लीपण पेरतो, तर येताना त्याच ट्रेलरमध्ये तो पेंढ्याच्या गठ्ठ्या भरून देतो, वासरांच्या बिछान्यासाठी. सरकारने यात काही मदत करावी का यावर दादा आणि मैत्रीण यांचं चांगलंच जुंपलं. तिचं म्हणणं, दुधाच्या पैशात हे धरलं पाहिजे, दादांचं म्हणणं, आधी गटारांचे प्लांट दुरुस्त करा मग आमच्याकडे बोट दाखवा. आम्ही निघालो तरी दोघं फाटकापाशी भांडतच होते.