क्रेस्कोची मतपत्रिका

अमेरिकेतील ग्रामीण मतदार म्हणजे डोळे झाकून रिपब्लिकन पक्षाला मत देणारा माणूस, असा समज इथल्या मराठी मंडळींत इतका पक्का बसला आहे, की त्याला छेद देणारे उदाहरण सांगितले तर ऐकणारा ते अपवाद म्हणून सोडून देतो. आयोवा राज्याच्या ईशान्य भागात, मिनेसोटाच्या सीमेला लागून असलेली हॉवर्ड काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मात्र तशी सोडून देता येत नाही.

साडेनऊ हजारांच्या आसपास वस्ती, मका आणि सोयाबीनची शेती, आणि क्रेस्को हे चार हजारांहून थोडे कमी लोकसंख्येचे मुख्य गाव. (हरितक्रांतीमुळे आपल्याला परिचित असलेले नॉर्मन बोरलॉग याच परिसरातील शेतावर वाढले आणि क्रेस्कोच्या हायस्कुलात शिकले.) या काउंटीने २०१२ मध्ये ओबामांना २० हून अधिक टक्क्यांची आघाडी दिली आणि चारच वर्षांनी जवळजवळ तेवढीच आघाडी ट्रम्प यांना दिली. तीन हजारांहून अधिक काउंट्यांच्या या देशात असे दुसरीकडे कुठेही घडले नाही. ओबामांना दोनदा आणि मग ट्रम्प यांना कौल देणाऱ्या काउंट्या देशभरात २०६ होत्या आणि त्यांतील ३१ एकट्या आयोवातील होत्या.

चार वर्षांत गावात नवे लोक येऊन भरले, असे काही झाले नव्हते. शेतेही तीच होती आणि माणसेही बहुतांशी तीच. त्यामुळे केवळ वंशद्वेषाचे स्पष्टीकरण इथे पुरत नाही आणि केवळ आर्थिक हलाखीचेही पुरत नाही. माझ्या मते या मतदाराने दोन्ही वेळा त्याला ‘वरच्यांचा’ वाटलेला उमेदवार नाकारला: आधी धनाढ्य गुंतवणूकदार म्हणून २०१२ चे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी आणि नंतर वर्षानुवर्षे सत्तेच्या वर्तुळात वावरलेल्या हिलरी क्लिंटन. इथवर हे पटते. पण २०१८ मध्ये व्यापारयुद्ध पेटले, चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले, भाव पडले आणि शेतकऱ्यांना सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले, तरी २०२० मध्ये ट्रम्प यांची इथली आघाडी कमी झाली नाही, उलट वाढली. म्हणजे २०१६ मध्ये जो राग होता, त्याची पुढे निष्ठा झाली. माध्यमांनी सगळी शाई त्या एका झोक्यावर खर्च केली. मला त्यानंतरचे हे घट्ट होत जाणे अधिक लक्ष देण्याजोगे वाटते.

ही निष्ठा कुठवर पोचते हे पाहायचे, तर आयोवातील नमुना मतपत्रिका एकदा शांतपणे वाचून पाहावी. सर्वांत वर राष्ट्राध्यक्ष, मग काँग्रेस, राज्य विधिमंडळ, काउंटीचे पर्यवेक्षक मंडळ, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख). इथपर्यंत प्रत्येक नावाशेजारी पक्ष छापलेला असतो. पूर्वी वरचा एकच लंबगोल काळा केला की पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जाई. ती सोय २०१७ च्या कायद्याने बंद झाली. त्याखाली काउंटी रुग्णालयाचे विश्वस्त, मृद व जलसंधारण आयुक्त, कृषी विस्तार परिषद आणि टाउनशिपचे (काउंटीतील छोट्या ग्रामीण विभागाचे) विश्वस्त अशी पदे येतात आणि तिथे पक्षाचे नाव नसते. टाउनशिपच्या जागेसाठी अनेकदा कोणी अर्जच भरत नाही आणि मतदारांनी कोऱ्या ओळीवर हाताने लिहिलेला माणूस निवडून येतो. या विश्वस्तांकडे दफनभूमीची देखभाल असते, आणि दोन शेजाऱ्यांत कुंपणाचा वाद झाला तर जागेवर जाऊन निवाडा करण्याचे कामही कायद्याने त्यांच्याकडेच असते. बांधावरून भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला या पदाचे वजन वेगळे सांगावे लागू नये.

नगरपालिका आणि शाळा मंडळ यांच्या निवडणुका विषम वर्षांत, नोव्हेंबरमध्ये, पक्षाविना होतात. शाळेच्या इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे असतील तर निम्म्याहून अधिक मते मिळून भागत नाही, ६० टक्के लागतात. म्हणजे १०० पैकी ५८ जणांनी होकार दिला तरी प्रस्ताव पडतो. अशा वेळी गाव डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन असे विभागले जात नाही. एका बाजूला मुले शाळेत असलेली कुटुंबे असतात आणि दुसऱ्या बाजूला शेकडो एकरांवर मालमत्ता कर भरणारे शेतकरी, आणि बरेच जण दोन्हीकडे असतात.

पक्षाचा रंग आणि गावाचे हित यांची खरी गाठ पडते ती वराहपालनाच्या प्रचंड शेडवरून. वास, पाण्याचे प्रदूषण, रस्त्यांची दुर्दशा यांमुळे शेजारी एकत्र येतात आणि त्यांत दोन्ही पक्षांचे लोक असतात. परंतु शेड कुठे बांधू द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार काउंटीला नाही. बहुतेक काउंट्यांत ठरावीक आकारापेक्षा मोठ्या प्रकल्पाला एक गुणपत्रिका भरावी लागते. तिच्यात ४४ प्रश्न आणि ८८० गुण असतात आणि पार होण्यासाठी प्रकल्पाला एकूण निदान ४४० लागतात. काउंटीचे मंडळ फार तर नापसंतीची शिफारस करू शकते, निर्णय राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते घेते. हे नियम बदलावेत, असे ठराव आयोवातील अनेक काउंट्यांनी केले आहेत, पण ते बदलण्याचा अधिकार राजधानी डे मॉईन येथील राज्य विधिमंडळाला आहे, आणि त्या विधिमंडळाचे सदस्य मतपत्रिकेच्या वरच्या, पक्ष छापलेल्या भागात निवडले जातात.