केबलवाल्याला येणारे फोन

रात्री नऊनंतर माझा फोन वाजला की कारण दोनपैकी एक असतं. एक तर टीव्हीवर चित्र दिसत नाही, नाहीतर जे दिसतंय ते बघवत नाही. पहिल्या तक्रारीला मी पोरगं पाठवतो, शिडी आणि पक्कड देऊन. दुसऱ्या तक्रारीवर गेले काही दिवस डोकं खाजवतोय, म्हणून हे लिहायला बसलो.

मी साताऱ्यात केबल चालवतो. राजवाड्यापासून मंगळवार तळ्याकडच्या गल्ल्यांत जी काळी वायर खांबावरनं खांबावर गेलेली दिसते, त्यातली बरीचशी माझी. नुसतं दूरदर्शन होतं तेव्हा अजिंक्यताऱ्यावरच्या मनोऱ्याकडं तोंड करून अँटेना फिरवला की लोकांचं काम भागायचं. मग आम्ही गच्चीवर डिश टाकल्या, आणि काय दिसेल याबरोबर काय दिसू नये याचीही चौकशी माझ्याकडं सुरू झाली.

सेट-टॉप बॉक्स यायच्या आधी, ॲनालॉगच्या काळात ते सोपं होतं. प्रत्येक चॅनेलला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर. कंट्रोल रूममध्ये रॅकवर ओळीनं मांडलेले डबे, दिवसरात्र तापलेले, आणि त्यांच्यापुढं कायम एक टेबलफॅन. त्यातल्या एका डब्याची पिन उपटली की सगळ्या पेठेतनं ते चॅनेल गायब. म्हणजे आमच्या भागाचं सेन्सॉर बोर्ड मीच, शिक्षण आयटीआय. गणपतीत मंडळाची पोरं यायची, "दादा, ते तेवढं दहा दिवस काढा." एकादशीला कुणी यायचं. परीक्षेच्या दिवसांत तर आयाबायांची रांग लागायची, आणि त्यांना कार्टूनपासून क्रिकेटपर्यंत सगळंच बंद पाहिजे असायचं.

कायद्यानंही सगळं ओझं आमच्याच खांद्यावर टाकलं होतं. १९९५ चा केबल कायदा. तेव्हा हेड पोस्टात पाचशे रुपये भरून नोंदणी करायची, आणि कार्यक्रम संहितेत, म्हणजे काय दाखवू नये याच्या सरकारी नियमांत, न बसणारं काही वायरीतनं गेलं तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैदेची तरतूद काढली २०२३ मध्ये. तोवर कार्यक्रम मुंबईत कुणीतरी बनवणार, आकाशातनं कुणीतरी सोडणार, आणि जबाबदार मी!

२००७ साली तर केंद्र सरकारनंच दोन चॅनेलं बंद केली. जानेवारीत एएक्सएन हे इंग्रजी चॅनेल, एप्रिलमध्ये एफटीव्ही हे फॅशनचं, दोन्ही दोन-दोन महिने. एफटीव्ही आमच्या भागात कुणीच बघत नव्हतं, विचारलं असतं तर लोकांनी शपथेवर सांगितलं असतं. तरी पहिल्याच रात्री फोन. "जरा वरच्या नंबरची चॅनेलं क्लिअर येत नाहीत, बघा की." कुठला नंबर म्हणून विचारलं की, "ऱ्हाऊ दे, सकाळी बघू." सकाळी एकाचाही फोन आला नाही.

आता पिन उपटायची सोय राहिली नाही. आमच्यासारख्या शहरांतली केबल डिजिटल करायला डिसेंबर २०१५ ची मुदत होती, तेव्हा घरोघरी बॉक्स बसले. सिग्नल वरच्या कंपनीकडनं कुलूप लावूनच येतो आणि ज्याच्या बॉक्सवर जे चॅनेल चालू केलंय तेवढंच त्याच्या घरात उघडतं. एखादं चॅनेल तुमच्यापुरतं बंद करायचं तर मोबाइलवरनं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सगळ्या गल्लीचं बंद करायचा अधिकारही मला नाही आणि इच्छाही नाही.

मागच्या महिन्यात हेच सरांना सांगत होतो. सर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक. मला त्यांनी गणित शिकवलंय, त्यामुळं वाद घालताना आवाज आपोआप खालीच राहतो. ते सह्यांचं पत्र घेऊन ऑफिसात आले. विषय होता एक हिंदी रिॲलिटी शो, माणसं एका घरात कोंडून त्यांची भांडणं दाखवतात तसला. शिवी आली की वर टूं वाजवतात, पण टूंच्या आत कुठली शिवी आहे ते पाचवीतलं पोरगंही ओळखतं. सरांचं म्हणणं, हे चॅनेल पेठेत नको.

"सर, तुमच्या बॉक्सवरनं आत्ता काढतो, तुमच्यासमोर."

"माझ्या घरी ते लागतच नाही. माझ्या एकट्याचं काढून काय उपयोग? शेजारी दिसतंच की."

हेच ते. आक्षेप शेजाऱ्याच्या टीव्हीवर. खाली सह्या केलेल्यांपैकी काहींच्या घरी ते चॅनेल पैसे भरून चालू आहे, हे माझ्या यादीत मला दिसत होतं. कोण ते सांगणार नाही. डॉक्टर आणि केबलवाला, दोघांनी काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात.

मी त्यांना 'तमस'ची आठवण करून दिली. १९८८ साली दूरदर्शनवर फाळणीवरची ती मालिका लागली, आणि दंगली होतील म्हणून ती थांबवायला लोक कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी आधी ती पूर्ण बघितली, मगच निकाल दिला. सुप्रीम कोर्टानंही बंदी नाकारली. त्यासाठी नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी पूर्वी एका खटल्यात लावलेली कसोटी वापरली. भक्कम मनाच्या, समंजस माणसावर काय परिणाम होईल ते बघा, उठसूट धोका दिसणाऱ्या डळमळीत माणसावर नको. हे सगळं मला आमच्याच एका वकील गिऱ्हाइकानं एकदा बिल भरता भरता समजावलं होतं, म्हणून जरा ऐटीत सांगितलं. सरांना विचारलं, तुम्ही त्या शोचा एक तरी भाग पूर्ण बघितलाय का?

सर म्हणाले, "नाही बघितला. पण समोर बसून बघणारं पोर सहा वर्षांचं असलं तर? ते भक्कम मनाचं असतं का रे?"

सरांच्या या प्रश्नाला माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. "रिमोट तुमच्या हातात आहे, नको तर बदला," असं चॅनेलवाले म्हणतात, फेसबुकवरची शहाणी मंडळीही म्हणतात. मी घराघरांत जाऊन टीव्ही जोडतो, मला विचारा रिमोट कुणाच्या हातात असतो. बहुतेक घरात टीव्ही एक. जेवायच्या वेळी तो घरातल्या कर्त्याच्या ताब्यात. आज्जीला चॅनेल बदलता येत नाही, सुनेला बदलायची मुभा नाही, आणि पोरं जे लागेल त्याच्यासमोर घास गिळतात.

आमच्या एका वहिनींनी एकदा हळूच विचारलं, ते गुन्ह्यांचं चॅनेल बंद होतं का. सासरे जेवताना रोज लावतात, खुनाचा प्रसंग नट घेऊन पुन्हा करून दाखवतात तसलं, आणि पोरगी रात्री दचकून उठते. मी बॉक्सच्या मेन्यूत जाऊन पॅरेंटल लॉक लावलं. ही सोय जवळपास प्रत्येक बॉक्समध्ये असते, पण वापरताना मी फार थोड्या घरांत बघितली. मूळ पिन चार शून्य होती, ती बदलून नवीन पिन फक्त वहिनींना सांगितली. दुसऱ्या दिवशी साडेआठला सासऱ्यांचा फोन, "अरे, चॅनेल पिन मागतंय." मी म्हटलं, "काका, वहिनींना विचारा." बराच वेळ फोनवर नुसता टीव्हीचा आवाज येत होता. नंतर त्या घरातनं लॉक काढा म्हणून काही फोन आला नाही.

आणि निवडीचं म्हणाल, तर २०१९ ला ट्रायनं, म्हणजे दूरसंचार आणि केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ती कायद्यानं दिली. शंभर चॅनेलांसाठी तेव्हा १३० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढं पैशाच्या चॅनेलांतनं पाहिजे ते एकेक निवडा. मी फॉर्म छापून घेतले, टेबल टाकून बसलो. लोक यायचे, यादी उलटीपालटी करायचे आणि म्हणायचे, "आधीचंच ठेवा हो." त्यांचा दोष नाही. १९ रुपयांच्या वरचं चॅनेल पॅकमध्ये घालता येणार नाही असा नियम निघाला, तर बऱ्याच मोठ्या चॅनेलांनी किंमत बरोब्बर १९ लावली. चार चॅनेलं सुटी घेतली की बिल पॅकच्या वर. मग माणूस पॅक घेतो, आणि पॅकबरोबर नको असलेलंही घरात येतं. फुकटात आलंय म्हणून बघितलं जातं. याला प्रेक्षकाची निवड म्हणायचं तर म्हणा.

तरीही सगळ्या पेठेचं बंद करा, हे मला पटत नाही. सरांना पटत नसलेलं चॅनेल आज गेलं तर उद्या दुसरा सह्या घेऊन येणार, कंडोमची जाहिरात नको म्हणून. (त्या जाहिराती रात्री दहा ते पहाटे सहा एवढ्याच वेळात दाखवा असं केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयानं २०१७ मध्येच चॅनेलांना सांगितलं होतं. पोराला जन्म दिलेल्या आईबापालाच त्या जाहिरातीची लाज वाटते, काय बोलायचं.) परवा तिसरा कुठल्यातरी बातम्यांच्या चॅनेलवर सह्या आणणार. यादी वाढतच जाणार आणि शेवटी भजनं उरतील.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. ज्याच्यावर खरं ओरडायला पाहिजे त्याबद्दल एवढ्या वर्षांत माझ्याकडं एकही सहीचं पत्र आलेलं नाही. ते म्हणजे यंत्र, ताईतासारखं गळ्यात घालायचं. दुपारच्या नाहीतर मध्यरात्रीच्या त्या लांबलचक जाहिराती. एक माणूस रडतो, धंदा बुडाला, बायको आजारी. मग गळ्यात यंत्र घालतो आणि पुढच्या दृश्यात गाडीतनं उतरतो. खाली फोन नंबर, "फक्त पहिल्या शंभर भक्तांसाठी." माझ्या लाइनवरच्या एका आज्जींनी ते मागवलं. दुपारी सगळे कामावर, आज्जी एकट्या, रिमोट कधी नव्हे तो त्यांच्या हातात. केबलचं बिल घ्यायला गेलो तेव्हा खोकं उघडून बसल्या होत्या. पितळी रंगाचा पत्रा, पातळ साखळी, पोथीचा कागद घडी घालून. पेन्शनमधले साडेतीन हजार गेले. मला म्हणाल्या, "टीव्हीवर दाखवतात म्हणजे सरकारनं बघितलंच असंल की."

आणि हे साताऱ्यात. नरेंद्र दाभोलकर याच गावचे. त्यांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य घातलं तो २०१३ मध्ये त्यांचा खून झाल्यावर झाला. त्याच कायद्याच्या आधारावर जानेवारी २०२१ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं असल्या यंत्रांच्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदा ठरवल्या. आणि केबलच्या नियमावलीत १९९४ पासून लिहिलंय की सिद्ध करता येणार नाही असा चमत्कारी, दैवी गुण वस्तूला आहे असं जाहिरातीत सुचवायचं नाही. कागदावर सगळं आहे. शिवीवर टूं वाजतं, यंत्रावर काही वाजत नाही.

म्हणून आज्जींच्या जाहिरातीची तक्रार मी स्वतः लिहिली. २०२१ च्या नियमांनी पायऱ्या ठरवून दिल्यात. आधी चॅनेलकडं. त्यांनी चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निकाल. समाधान झालं नाही तर चॅनेलांच्या स्वनियमन संस्थेकडं, त्याच्याही वर मंत्रालयाची समिती. जाहिरातीची तक्रार असेल तर ती मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेकडं जाते. चॅनेलकडनं पोच आली. पुढं उत्तर आलं की जाहिरातीतल्या दाव्यांना जाहिरातदार जबाबदार आहे. मी वरच्या पायरीला धाडलंय. आज्जींचे पैसे काही परत येणार नाहीत, ते त्यांनाही माहीत आहे. ती जाहिरात त्या चॅनेलवर अजून लागते का, यावर मात्र आता आज्जीच दुपारी लक्ष ठेवून असतात आणि तारीखवार मला सांगतात.

सरांनाही मी तोच मार्ग सांगितला. पत्र पेठेच्या नावानं नको, तुमच्या नावानं लिहा, चॅनेलला लिहा आणि शो रात्री उशिरा लावा अशी मागणी करा. सर म्हणाले, "त्यासाठी मला तो बघायला लागेल." बघा म्हटलं. त्यांच्या बॉक्सवर ते चॅनेल महिन्यासाठी चालू करून दिलंय, पैसे घेतले नाहीत. गुरुदक्षिणा समजा म्हटलं, तर हसले नाहीत.

आमच्या लाइनवरच्या कुणाला तक्रार लिहायची असेल तर संध्याकाळी सहानंतर ऑफिसात या, लिहून देतो. चॅनेल, तारीख, वेळ आणि नेमकं काय दाखवलं एवढं कागदावर आणा. "काल रात्री कायतरी घाणेरडं चाललं होतं" एवढ्यावर कुणी उत्तर देत नाही. चॅनेल बंद करून घ्यायचं असेल तर बॉक्सचा नंबर आणा. स्वतःच्या बॉक्सचा.